राजसने एडिट केलेली कादंबरी

मी एक जुनी मराठी कादंबरी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो! कधीकाळी मी चांगली जाडजूड होते.

माझा जन्म पुण्यातला. शाई, शिलाई, डिंक, आणि झाले मी तयार! प्रतिमा नावाची मुलगी अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला एम.एस. करायला निघाली, तेव्हा तिची बॅग काट्यावर जड भरली. तिने चकलीचा डबा बाहेर काढला, मला नाही. सांगा, एवढा मान कुणाला मिळतो? इथल्या पहिल्या हिवाळ्यात तिने मला दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा रडली.

मग तिची नोकरी, लग्न, मुलं. मला तिने इथल्या मराठी मंडळाच्या लायब्ररीला देऊन टाकलं. लायब्ररी म्हणजे कोलंबसजवळच्या डब्लिन गावातल्या त्र्यंबककाकांच्या बेसमेंटमधली दोन कपाटं. शेजारी ट्रेडमिल आणि गणपतीचं मखर. मखराला निदान वर्षातून एकदा वर नेत. मला कुणीच नाही.

आणि एक दिवस माझ्यावर चक्क पिक्चर निघाला!

काकांनी फुंकर मारून मला वर आणलं. मंडळाने हॉल भाड्याने घेऊन पिक्चर लावला. पुढच्या रविवारी मराठी शाळेच्या मुलांची स्पर्धाही ठेवली: पुस्तक भारी की पिक्चर? पिक्चरच्या बाजूने राजस, माझ्या बाजूने ज्ञानदा.

ज्ञानदा इथेच जन्मलेली, पंधरा वर्षांची. ओळीवर बोट ठेवून वाचायची, जोडाक्षर आलं की थबकायची. पण वाचायची! पिक्चर पाहताना मी तिच्या मांडीवर होते. खोटं कशाला बोलू, माझ्यातली खाडी फार सुंदर दाखवली होती. जी संध्याकाळ उभी करायला मला अख्खं पान लागतं, ती पडद्यावर क्षणात झाली. पण माझी नायिका, विधवा भागीरथी, होडी वल्हवते, तिच्या हातांना घट्टे आहेत. पडद्यावरची नुसती गाणं म्हणत होती. तिचा मुका सासरा तर गायबच. शेवटी तिचं गावातल्या मास्तरांशी लग्न, की संपला पिक्चर!

"हे फेक आहे," ज्ञानदा पुटपुटली. "बुकमध्ये मास्तर तिला फसवतो. मला रिअल एंड वाचायचाय."

पण शेवट आधी उघडून बघणं तिच्या लेखी चीटिंग होतं. स्पर्धेच्या दिवशी तिचं फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. ते घरी जाऊन, दार लावून वाचायचं, असं तिने ठरवलं होतं.

ती माझ्याबद्दल अडखळत, पण मनापासून बोलली. दोन-तीन काकूंनी मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. मग राजस आला. आल्या आल्या त्याने टेबलावरून मला उचललं.

"काका-काकूंनो, एवढं जाड पुस्तक! कोण वाचणार? डायरेक्टर हुशार. त्याने एडिट केलं. मुका सासरा? कट!"

फर्रर्र.

"कुणाला त्याची आठवण आली? नाही ना! आणि हा शेवट. कुणी वाचलाय? हात वर करा!"

परीक्षक म्हणून पहिल्या रांगेत बसली होती प्रतिमा. हो, तीच. तिचा हात अर्धा वर आला आणि तिने केस सारखे केले.

ज्ञानदा धावली. "स्टॉप! प्लीज, आय हॅवन्ट रेड दॅट!"

"मराठीत बोल, बाळा," प्रतिमा गोड हसून म्हणाली. "आज मराठीत."

ज्ञानदाने तोंड उघडलं. रडताना तिला मराठी शब्द सापडेना. हॉल हसला. राजसने शेवटचं प्रकरण मुळासकट उपटलं.

"वा! काय फाडफाड मराठी बोलतो पोरगा!" त्र्यंबककाका उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. माझे तुकडे कुणाला दिसलेच नाहीत. आपलं पोर इथे, ओहायोत, मराठी बोलतंय, एवढंच सगळ्यांना दिसत होतं. पहिलं बक्षीस राजसला. अस्खलित मराठीबद्दल!

माझी फाडलेली पानं जेवणाच्या कागदी प्लेट्सबरोबर काळ्या पिशवीत गेली. ज्ञानदाने कोपरापर्यंत हात घालून शोधलं. हाती आला आमटीत भिजलेला लगदा.

"अगं, नवी मागवू," काका म्हणाले. त्यांनी पुण्याला फोनही केला. मला छापणारे केव्हाच दुकान बंद करून बसले होते. "जाऊ दे ना. लग्न होतं तिचं. पिक्चरमध्ये दाखवलंय की!"

शेवटी ज्ञानदा प्रतिमाकडे गेली. "काकू, तुम्ही वाचलंय. काय होतं शेवटी?"

प्रतिमाने पुन्हा केस सारखे केले. "आठवत नाही गं. खूप रडले होते, एवढंच आठवतंय."

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना आमची पानं हीच तेवढी आठवण असते. पान गेलं की आतलं माणूसही गेलं. तुम्ही पिक्चर जरूर पाहा, मलाही आवडला. पण पुस्तकाला हात लावाल तेव्हा, पुढचं पान अजून कुणाचं तरी वाचायचं राहिलंय, एवढं ध्यानात ठेवा. आणि टाळी वाजवण्याआधी समोर काय फाटतंय ते बघा.

उरलेली मी आता ज्ञानदाकडे असते. ती अजून अधूनमधून मला उघडते. जिथे माझी शिलाई उसवली आहे, तिथे शेवटची ओळ आहे: "भागीरथीने होडीचा दोर सोडला आणि". त्या "आणि"वर ती बोट ठेवून बसते. मी काहीतरी सांगेन, अशी वाट बघते.

मलाही आठवत नाही.