पुठ्ठ्याची मलमपट्टी

आमच्या गोदामात पाय मोडला की त्याला पुठ्ठा बांधायची रीत होती. माणसाचा नव्हे, रॅकचा पाय. वळताना फोर्कलिफ्ट लोखंडी खांबावर आपटली आणि खांब वाकला, की मॅनेजरची फेरी यायच्या आत कोणीतरी आमच्या पॅकिंगच्या टेबलावरून पुठ्ठा उचलायचं, खांबाला गुंडाळायचं आणि वरून चिकटपट्टी फिरवायचं. दुरून बघणाऱ्याला वाटावं, काय काळजी घेतात ही माणसं लोखंडाची! कारण साधं होतं. ज्याच्या हातून धडक झाली त्याला घरी पाठवायचे, आणि त्याच्या घरीही चूल पेटावी लागते हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कोणी कोणाचं नाव घेत नसे. चांगुलपणाच होता तो, नाही कशाला म्हणू? पण चांगुलपणाने लोखंड सरळ होत नाही.

माझा धाकटा दीर तिथे फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, चौथ्या गल्लीत माल काढायची. गल्ली म्हणजे दोन रॅकमधली वाट. दोन्ही बाजूंना छतापर्यंत रंगाचे डबे रचलेले, आणि मधून माणसांनी नि गाड्यांनी एकमेकांना चुकवत जायचं. मी पुढे टेबलावर खोकी बंद करायचे. घरी आम्हा दोघी जावांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ती म्हणते मी तोंडाळ, मी म्हणते ती आळशी, आणि सासूबाई म्हणतात दोघीही खरंच बोलता.

त्या सकाळी टेबलावर चुकीच्या रंगाचा डबा आला, तो बदलून आणायला मी चौथ्या गल्लीत गेले. कोपऱ्यावरच्या खांबाला कोरा करकरीत पुठ्ठा दिसला. तेवढ्याने मी थांबले नसते. पण खांबाशेजारी जमिनीवर एक खीळ पडली होती, आडव्या दांड्या खांबातून निसटू नयेत म्हणून लावतात ती. वर पाहिलं तर एक दांडी एका टोकाने खाली आली होती आणि तिच्यावरचे डबे बाहेर डोकावत होते. मी पुठ्ठा ओढून काढला. आत खांब गुडघ्यातून मोडल्यासारखा वाकलेला. आणि बरोबर त्याच्या खाली, पालथ्या क्रेटवर बसून, माझी जाऊ डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती.

मी तिला ऊठ म्हटलं. ती म्हणाली, हातातलं काम संपवून उठेन, इथे काही तुमचं राज्य नाही. मग मी तिचं मनगट धरलं आणि गल्लीच्या तोंडापर्यंत तिला ओढत आणलं. वाटभर ती अख्ख्या गोदामाला ऐकू जाईल अशा आवाजात माझा उद्धार करत होती. आत आणखी तिघीचौघी होत्या, त्यांनाही हाकलून बाहेर काढलं. माल रचायची एक रिकामी लाकडी चौकट, म्हणजे पॅलेट, गल्लीच्या तोंडावर आडवं टाकलं आणि त्यावर मांडी घालून बसले. आता मला उचलल्याशिवाय कोणी आत जाणार नव्हतं, आणि मी काही हलकी बाई नाही.

तेवढ्यात दीर फोर्कलिफ्ट घेऊन आला. उघडा खांब पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. धडक कोणाची, ते मला तेव्हा कळलं. तो खाली उतरून माझ्या कानाशी वाकला.

"वहिनी, पुठ्ठा परत लावू द्या. घरातलं घरात राहू दे."

"भाऊजी, त्या खांबाखाली कोण बसली होती, ते ठाऊक होतं तुम्हाला?"

ठाऊक होतं, म्हणाला. दुपारचा ट्रक भरून झाला की काहीतरी निमित्त काढून तो तिला दुसऱ्या गल्लीत बसवणार होता. दुपारी! सकाळपासून दुपारपर्यंत बायकोला देवाच्या भरवशावर ठेवली होती त्याने. मला असा संताप आला की कुजबुजायचं सोडून मी सरळ मोठ्याने बोलले.

"नोकरी दुसरी मिळते. बायकोही दुसरी बघायची असेल तर तसं सांगा, मी उठते इथून."

त्याने मान खाली घातली. जाऊ माझ्या मागेच उभी होती. इतका वेळ चाललेलं तिचं तोंड एकदम बंद झालं.

मग मॅनेजर आला. तो वाईट माणूस नव्हता, घाईतला माणूस होता, आणि गोदामात घाईतला माणूस वाईटाहून वाईट. दाराला ट्रक लागलेला आणि त्याचा निम्मा माल चौथ्या गल्लीतला. त्याने लांबूनच खांबाकडे पाहिलं. म्हणाला, आतापर्यंत उभा आहे ना रॅक, मग आणखी दोन तास उभा राहील. ट्रक जाऊ दे, मग बघू.

मी म्हटलं, चालेल. पण ते दोन तास साहेबांनी खांबाखाली बसून सह्या कराव्यात, म्हणजे आम्ही सगळ्या गुमान आत जाऊ. तो म्हणाला, काहीतरी बोलू नका. पण पॅकिंगच्या बायकांना ती सूचना फारच पसंत पडली. दोघी जाऊन त्याची चाकांची खुर्ची ढकलत घेऊन आल्या आणि गल्लीच्या तोंडाशी, आत तोंड करून ठेवली. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग वर डोकावणाऱ्या डब्यांकडे पाहिलं. बसला काही नाही. मागून कोणीतरी अगदी अदबीने म्हणालं, बसा ना साहेब, पाय दुखतील.

तेव्हा त्याने नेहमीचा प्रश्न काढला. धडक कोणी दिली?

सगळे जमिनीकडे बघायला लागले. दिराच्या कपाळावर घाम आला होता.

"मी," मी म्हटलं.

"तुम्हाला फोर्कलिफ्ट चालवता येते?"

"नाही येत. म्हणून तर धडकली."

पहिल्यांदा हसली ती पॅकिंगची एक बाई, मग सगळेच. मॅनेजर लालबुंद झाला. म्हणाला, उद्यापासून येऊ नका. बरं, म्हटलं, मग आजचा दिवस तरी माझा. मी उठले, शेजारच्या गल्लीत गेले आणि तिथल्या खांबाचा पुठ्ठा टराटरा फाडला. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. जिथे फाडावा तिथे आत वाकडा पाय. फोर्कलिफ्टवाले माझ्या अंगावर धावून आले. वहिनी, वेड लागलंय का, आमच्या पोटावर कशाला पाय देता? त्यांचा राग मला कळत होता. इतकी वर्षं एकमेकांना सांभाळून घेतलं ते मी सगळ्यांदेखत उघडं करत होते. पण मी थांबले नाही. ज्या रॅकखाली आपली बायकामाणसं बसतात त्याच्यावर पांघरूण घालणं म्हणजे सांभाळणं नव्हे, हे कोणीतरी त्यांच्या तोंडावर सांगायलाच हवं होतं, आणि तोंडाळ तर मीच होते.

"साहेब," मी म्हटलं, "धडक कोणी दिली, हे विचारत राहाल तोवर पुठ्ठेच मिळतील. का बसते, ते एकदा तरी विचारा."

मग दीर पुढे आला.

"कोपऱ्यावरचा खांब माझ्या हातून गेला. काल. तुम्ही मध्ये एक जादा रॅक घुसवलात, तेव्हापासून गाडी वळत नाही, साहेब. कोणाचीच वळत नाही."

त्याच्या मागून दुसऱ्याने आपला खांब सांगितला, मग तिसऱ्याने. सगळ्यांनाच घरी पाठवलं असतं तर ट्रक भरायला मॅनेजर एकटा उरला असता. हा हिशेब त्याला पटकन जमला. रॅक रिकामा करा, म्हणाला, आणि खुर्ची घेऊन निघून गेला.

रिकामा दिरानेच केला, पलीकडच्या गल्लीतून, वरच्या खणापासून खाली, आजूबाजूला चिटपाखरू नसताना. अर्धा माल उतरला असेल, तेवढ्यात तो वाकडा पाय करकरला आणि वीतभर खाली बसला. आम्ही सगळे मागे सरलो. दिराने गाडी मागे घेतली, थोडा थांबला आणि पुन्हा पुढे गेला. शेवटचा डबा उतरेपर्यंत रॅक उभा होता. नंतरही उभाच राहिला.

पुढे वाकडे खांब बदलले, जादा रॅक निघाला. दिराला गाडीवरून उतरवून हमालीला लावलं. मला काढलं नाही, मागच्या अंगणात क्रेट धुवायला बसवलं. आणि गोदामाला एक विनोद मिळाला. जो तो येता-जाता विचारतो, काय वहिनी, पडला का रॅक? मी म्हणते, तू विचारायला आलास ना, मग नाही पडला. हसा म्हणावं खुशाल. पुन्हा तसा खांब दिसला तर पुन्हा आडवी बसेन.

घरी मात्र जाऊ कोणाशीच बोलेना. नवऱ्याशी नाही, माझ्याशी तर नाहीच. एका संध्याकाळी आम्ही दोघी वाळलेले कपडे घड्या करत होतो, तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, "ताई, खरंच पडला असता का हो तो?"

"मला काय ठाऊक," मी म्हटलं. "तुला खाली बसवून ते बघायचं नव्हतं मला."

ती बराच वेळ हातातलं एकच पोलकं घडी करत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, चादरीची घडी मी कायम उलटी घालते, आणि हे ती लग्न होऊन आल्यापासून सहन करतेय. आणखीही पुष्कळ काय काय म्हणाली. मी एका शब्दाने उत्तर दिलं नाही. तिला मनसोक्त भांडू दिलं.