दुसरी बत्ती

चिमीची पन्नाशी उलटली होती, तरी घरात ती चिमीच होती. कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती कामाला होती. दिवसभर कुणाच्या तरी जबड्याचा साचा पुढ्यात घ्यायचा, त्यावर एकेक दात बसवायचा, हिरडीचा गुलाबी रंग जमवायचा आणि सगळं घासूनपुसून गुळगुळीत करायचं. "आमच्या चिमीला माणसं तोंडावरून नाही, तोंडातून ओळखू येतात," असं तिचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. चिमीने लग्न केलं नव्हतं. दादा आणि वहिनीबरोबर ती राहायची, आणि तिघांचं छान जमायचं.

दोनतीन वर्षांपूर्वी एका रविवारी ती बागेत फिरायला गेली होती. तिथे गुडघ्याएवढं एक वाफेचं इंजिन गवतातल्या रुळांवरून चाललं होतं, आणि मागच्या फळ्यांवर चारपाच चांगली धट्टीकट्टी माणसं पाय पसरून बसली होती. हौशी लोकांचं मंडळ होतं ते. चिमी संध्याकाळपर्यंत तिथून हलली नाही. पुढच्या रविवारी ती मंडळाची सभासद झाली. त्यानंतर घरामागच्या धुण्याच्या खोलीतून जुन्या बादल्या बाहेर आल्या आणि भट्टीच्या विटा, पकडी, कानशी आणि गॅसची टाकी आत गेली.

तिने पहिलं इंजिन झटपट केलं, जागच्या जागी एक चाक फिरवणारं. बारीक कामाला हात सरावलेला होताच. पण इंजिन फिरायला वाफ लागते, आणि वाफेला बॉयलर. तोवर दादा सायकलचा पंप लावून हवा मारायचा आणि इंजिन दहावीस फेरे घेऊन थांबायचं. "मी थकलो की हे थकतं. मग याला यंत्र कशाला म्हणायचं?" दादा म्हणायचा.

म्हणून चिमीने बॉयलर करायला घेतला. पाण्याच्या तांब्यापेक्षा थोडा उंच, उभा, जाड तांब्याच्या नळीचा. खाली विस्तव, वर धुराडं, आणि मधल्या पाण्यातून आरपार जाणाऱ्या बारीक नळ्या. विस्तवाची धग त्या नळ्यांतून वर जाते आणि भोवतालचं पाणी तापवते.

घरात हे सगळ्यांना पसंत होतं असं नाही. फार वर्षांपूर्वी वहिनीच्या कुकरचं झाकण उडालं होतं. झाकण गेलं छताला आणि जेवण भिंतींना. वहिनीला खरचटलंही नव्हतं, पण तिने धसका घेतला तो घेतलाच. तेव्हापासून त्या घरात सगळं उघड्या पातेल्यात शिजायचं. बॉयलरला तिने नाही म्हटलं नाही. "तुझी हौस आहे, कर बाई," म्हणाली. "फक्त पेटवशील त्या दिवशी मला आधी सांग. मी शेजारी जाऊन बसेन."

काम अडलं ते तळाच्या पत्र्यापाशी. बॉयलरचे सांधे चांदीच्या डाखाने जोडतात. तांबं लालसर तापलं की डाखाची तार वितळते आणि फटीत धावते. पण तांबं असं लबाड, की एका जागी दिलेली धग सगळ्या अंगभर वाटून टाकतं. बारीक नळ्या चिमीच्या एका बत्तीने, म्हणजे गॅसच्या ज्योतीच्या झोताने, जुळल्या होत्या. तळाचा जाड पत्रा मात्र काही केल्या तापेना. डाखाचे नुसते मणी होऊन बसले. दुसऱ्या बाजूने दुसरी बत्ती धरणारं कुणीतरी हवं होतं.

दादा हौसेने उभा राहिला. पण डाख नीट धरावा म्हणून लावलेल्या टाकणखाराचा पहिला धूर नाकात गेला आणि त्याचा दमा उसळला. खोकत खोकत तो अंगणात जाऊन बसला. मंडळात बॉयलर तपासायचं काम भूगोलाच्या एका निवृत्त शिक्षकांकडे होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते आले असते, पण लेकीच्या बाळंतपणासाठी ते परगावी होते. बाकी कुणाला विचारायचं म्हणजे चिमीच्या जिवावर आलं. ती मुळातच अशी. कुणाकडे काही मागायचं झालं की तिची जीभ जड व्हायची.

जेवताना ती गप्पगप्पच होती.

"काय गं, कवळी बसवलीय का तोंडात?" दादाने विचारलं.

चिमी हसली नाही. मग तिने सगळं सांगितलं. वहिनी ऐकत होती.

"मला एक सांग," वहिनी म्हणाली, "ते आत्ता फुटू शकतं का?"

"आत्ता? आत पाणी नाही, वाफ नाही. सगळी भोकं उघडी आहेत. फुटायला आत काहीतरी कोंडलेलं असावं लागतं, वहिनी."

"म्हणजे रिकामं पातेलं."

"रिकामं पातेलंच. फक्त करायला वर्ष लागलेलं."

"मग मी धरते बत्ती."

दादाचा घास हातातच राहिला. "तू?"

"बालवाडीत तीस पोरांना एका जागी बसवलंय मी. एक बत्ती नाही धरता येणार?"

शनिवारी सकाळी दोघी धुण्याच्या खोलीत शिरल्या. वहिनीने पदर खोचला होता, दादाचं जाड जाकीट उलटं घातलं होतं आणि डोळ्यांवर गडद चष्मा. दारातून दादा म्हणाला, "ओळखीच्या बाईला नमस्कार करायचीसुद्धा भीती वाटतेय."

"धूर सुरू व्हायच्या आत तुम्ही लांब जा," वहिनी म्हणाली.

चिमीने विटांमध्ये बॉयलर उलटा ठेवला. सांध्याला टाकणखाराचा पांढरा लेप दिला आणि दोन्ही बत्त्या पेटवल्या. ज्योतींचा फुरफुराट एवढा, की बोलायचं तर ओरडावं लागत होतं.

"एका जागी नको धरूस! सारखी फिरती ठेव!"

"अशी?"

"अजून खाली! पत्र्यावर, पत्र्यावर!"

लेप आधी फसफसला, फुगला, मग काचेसारखा वितळून बसला. तांबं काळवंडलं. वहिनीची बत्ती पत्र्यावर फिरत होती. ती पुटपुटत होती. चिमीला वाटलं ती देवाचं नाव घेतेय. नंतर कळलं, ती बॉयलरला दटावत होती: "बस, बस, नीट बस, हलायचं नाही." तांब्यावर हळूहळू लाली चढली. चिमीने डाखाची तार सांध्याला टेकवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तार एकदम विरघळली आणि चंदेरी रेघ सांध्याभोवती सर्रकन धावत गेली.

"अगं बाई! पळाली!" वहिनी ओरडली.

"पळू दे! बत्ती हलवू नकोस!"

"हलव म्हणालीस ना मघाशी?"

"हलव, पण तिथेच!"

रेघ फिरून आली, जिथून निघाली तिथे मिळाली. दोघींनी बत्त्या बंद केल्या. खोलीत एकाएकी इतकं शांत झालं की दोघींना हसूच आलं. निवल्यावर चिमीने बॉयलर आम्लाच्या पाण्यात बुडवला आणि दुपारी बाहेर काढला तर काळेपणा सगळा गेलेला, तांबं कोवळं गुलाबी. वहिनीने तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला आणि बराच वेळ पुसत बसली.

पुढच्या आठवड्यात मास्तर परतले. नातीचे फोटो दाखवून झाल्यावर ते हातपंप घेऊन बसले. मंडळाचा नियम असा, की बॉयलर पेटवण्याआधी त्यात थंड पाणी भरून, कामाला लागेल त्याच्या दुप्पट दाब द्यायचा. दुप्पट म्हटल्याबरोबर वहिनीने चपला पायात सरकवल्या.

"अहो, थांबा," मास्तर म्हणाले. "यात फक्त पाणी आहे. हवेचा बुडबुडासुद्धा ठेवलेला नाही. वाफ कोंडली की स्प्रिंगसारखी दाबून बसते आणि सुटली की धडाका. पाणी तसं दाबलंच जात नाही. कुठे कच्चं असेल तर एक थेंब येईल आणि काटा खाली पडेल. बास."

"एक थेंब?"

"एक थेंब."

वहिनीने चपला काढल्या नाहीत, पण ती गेलीही नाही. मास्तरांनी पंप मारला. दाबाच्या घड्याळाचा काटा चढू लागला. काटा निम्म्याच्या पुढे गेला आणि वहिनी म्हणाली, "रडतंय."

खरंच, तळाच्या सांध्यापाशी एक थेंब फुगत होता.

"माझ्या बाजूला आहे का?" वहिनीचा आवाज बारीक झाला.

चिमीने वाकून पाहिलं. "नाही. माझ्या. मी सगळा वेळ तुझ्याच बत्तीकडे बघत होते."

"बघ! आणि मलाच ओरडत होतीस!" वहिनी इतकी खूश झाली की मास्तरांनासुद्धा हसू आवरेना. मग ते गंभीर झाले. बॉयलर पुन्हा तापवायचा म्हणजे जुळलेले सांधेही सुटायची भीती. तेव्हा धग बेताची हवी आणि दोन्हीकडून सारखी.

"मग बत्ती मीच धरणार," वहिनी म्हणाली. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

यावेळी दोघी फार बोलल्या नाहीत. कुणी कधी आत यायचं, कधी मागे सरायचं, हे नुसत्या मानेने ठरत गेलं. मास्तरांनी परत पंप मारला तेव्हा काटा दुप्पट दाबावर जाऊन उभा राहिला तो हललाच नाही. कुठे ओलसुद्धा आली नाही. मास्तरांनी छिन्नीने बॉयलरच्या अंगावर मंडळाचा क्रमांक ठोकला आणि चहा मागितला.

रविवारी अंगणात बॉयलर पेटवायचा ठरलं. आता मात्र आत पाणी होतं आणि खाली विस्तव. चिमी म्हणाली, "वहिनी, तू खुशाल शेजारी जा. मी मनाला लावून घेणार नाही."

"जाते," वहिनी म्हणाली आणि फाटकापर्यंत गेली. फाटक उघडलं. तिथेच उभी राहिली.

कोळशाच्या बारीक तुकड्यांना धग लागावी म्हणून धुराड्यातून हवा ओढून घ्यावी लागते. त्यासाठी चिमीने एक जुना पंखा जुळवला होता. तो दादाने धरला.

"किती झालं?" फाटकातून आवाज आला.

"अजून काही नाही. काटा झोपलाय," दादा म्हणाला.

थोड्या वेळाने तोच प्रश्न आला, पण आवाज पायरीपाशी होता. मग अंगणातल्या तुळशीजवळून. काटा उठला, सरकत सरकत लाल खुणेला टेकला, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह फिस्सकन उघडला. वाफेचा पांढरा तुरा अंगणभर पसरला. वहिनी किंचाळली. दादाच्या हातातला पंखा पडला. चिमी जागची हलली नाही. काटा जरासा उतरला आणि व्हॉल्व्ह आपला आपण मिटला.

"झालं?" वहिनीने कानांवरचे हात काढले.

"झालं. जास्तीचं बाहेर टाकलं त्याने."

"कुणी काही न करता?"

"त्याचं तेच काम आहे."

व्हॉल्व्ह आणखी दोनदा उघडला. तिसऱ्या वेळी वहिनी बॉयलरशेजारी पाटावर बसलेली होती आणि फक्त डोळे मिटले. चिमीने वाफेचा कॉक तिच्या हाती दिला. "हळूच."

वहिनीने कॉक फिरवला. इंजिनाने थोडं पाणी थुंकलं, एक अर्धा फेरा घेतला, अडखळलं, आणि मग चाक फिरायला लागलं. सायकलच्या पंपावर फिरायचं तसं धापा टाकत नाही. संथ, एकसारखं, टुकुटुकु.

दादाने वाकून चाकाकडे पाहिलं. "छान आहे," तो म्हणाला. "पण हे काम काय करतं?"

"तुम्ही निवृत्त झाल्यापासून काय करता?" वहिनीने विचारलं.

चिमी इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला.

आवाज ऐकून कुंपणापलीकडच्या काकू डोकावल्या. हे काय नवीन, फुटणार तर नाही ना, म्हणून त्या मागे सरकल्या. वहिनीने त्यांना जवळ बोलावून पाण्याची काच दाखवली. पाणी इथपासून इथपर्यंत हवं, खाली गेलं की आधी विस्तव काढायचा, असं ती सांगत होती. बोलता बोलता तिने चिमट्याने दोन तुकडे विस्तवात टाकले. ते जरा लवकर टाकले होते, पण चिमीने कोळशाचा डबा तिच्याकडे सरकवला.

जेवणाची वेळ टळून गेली. दादाने दोनदा आठवण केली, मग स्वतःच आत जाऊन तिघांना पुरेल असं काहीतरी मांडून आणलं. तिघांनी अंगणातच ताटं घेतली. दोघींपैकी एकीचा हात कायम कोळशाच्या डब्यापाशी असायचा.