मखरातलं स्थळ

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगतात. कारंजा घाडगेच्या गजेंद्रनं यातलं पहिलं काम आठ दिवसांत उरकलं, आणि नेमकं त्यामुळेच दुसरं अडून बसलं.

गजेंद्र सहा वर्षं ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ठेकेदाराकडे होता. वादळात टिकणारी घरं उभी करायचं काम. सिमेंटच्या दोन पातळ पाट्या आणि त्यांच्यामध्ये सहा बोटं जाडीचा थर्माकोल, असे पॅनल कारखान्यातून तयार होऊन यायचे. चौघांनी उचलायचे, उभे करायचे, एकमेकांत बसवायचे. छपरालाही तेच. मग छप्पर भिंतीला आणि भिंत पायव्याला लोखंडी पट्ट्यांनी असं जखडायचं, की वाऱ्याला बोट घालायला जागा उरू नये. एका तुफानात नारळाची झाडं आडवी झालेली आणि ही घरं जागच्या जागी उभी, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्याकडे समुद्र नाही, पण ऊन तर आहे, असा विचार करून तो गावी परतला. कुल्फीवाल्याच्या पेटीत ऊन शिरत नाही ते याच थर्माकोलमुळे, मग घरात तरी का शिरावं? शिवाय ना वीटभट्टीचा धूर, ना नदीची वाळू उपसायची भानगड. दिवाळीनंतर हायवेलगतच्या आपल्या भाजीच्या वावरात त्यानं वडलांना, म्हणजे नानाजींना, आणि दोन माणसांना हाताशी घेतलं आणि आठ दिवसांत घर उभं केलं.

गावानं नवव्या दिवशी घराचं बारसं केलं. नाव ठेवलं मखर. थर्माकोल म्हटलं की लोकांना गणपतीची सजावटच आठवणार. नानाजी वांगी घेऊन बाजारात गेले की कोणीतरी हमखास विचारायचं, गणपती कधी बसवता म्हणून. नानाजी हसून वजन करत राहायचे. गजेंद्रच्या आईला, कुसुमबाईंना, मात्र हसू यायचं नाही. तीन स्थळं येऊन गेली होती. पोरगा पसंत, शेती पसंत, माणसं पसंत, आणि भिंतीवर टिचकी मारून पाहिली की 'कळवतो' म्हणून जी गेली ती गेलीच.

चौथं स्थळ सिंदी रेल्वे या गावचं होतं. खुशालराव तिथले किराणा व्यापारी, त्यांची मुलगी मयुरी शाळेत शिकवायची. गजेंद्र तिला पाहायला गेला तेव्हा पोह्यांची बशी ठेवता ठेवता तिनंच विचारलं, की भिंतीला उंदीर लागत नाहीत का, आणि आग लागली तर काय. दोन्ही प्रश्न बरोबर होते. गजेंद्रनं दोन्हींची उत्तरं इतक्या तपशिलात दिली की पोहे गार झाले. आजवर सगळ्यांनी घराला हसून घेतलं होतं, विचारलं कोणीच नव्हतं. परतताना त्याला कळून चुकलं, की या मुलीनं नाही म्हटलं तर ते आपल्याला फार लागेल. मयुरीनं तीनच दिवसांत हो कळवलं. पण त्या घरात शेवटचा शब्द तिचा नव्हता, बापाचाही नव्हता. तो होता मयुरीच्या आत्याचा.

अनुसयाबाई खुशालरावांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तशी भावाकडे आली आणि आईविना मयुरीला तिनंच वाढवलं. घर पाहायला येते म्हणाली, आणि दिवस काढला तो ऐन नवतपातला, तोही दुपारी एकचा. मे महिन्याच्या शेवटच्या त्या नऊ दिवसांत वर्धा जिल्ह्यात कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. मध्यस्थानं दबक्या आवाजात दुसरा दिवस सुचवला, तर त्याला उत्तर मिळालं, की हिवाळ्यात कोणाचंही घर चांगलंच वाटते.

आदल्या दिवशी मखरात एक भांडण झालं. कुसुमबाईंचं म्हणणं, शेजारच्या नत्थूजींकडून कूलर मागून आणू. नवतपात घरात कूलर नाही म्हणजे पाहुण्यांना वाटेल खायचेही वांधे आहेत. गजेंद्र म्हणाला, अजिबात नाही, कूलर लागत नाही म्हणून तर हे घर बांधलं. आईनं पन्ह्यात साखर जरा जोरातच ढवळली.

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला गाडी आली. खुशालराव घामानं निथळत उतरले, मागून मयुरी, आणि शेवटी अनुसयाबाई. ठेंगणी, सडसडीत, डोक्यावर ओला दुपट्टा. पाण्याचा गडवा हातात घेण्याआधीच तिनं भिंत ठोकली. मग दुसरी भिंत. बाजारात टरबूज घेताना बाया ठोकतात तशी, कान लावून.

"कच्चं हाय," ती म्हणाली.

गजेंद्रनं समजावायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. छपराकडे बोट दाखवून विचारलं, की हे कशानं धरलं आहे. त्यानं पट्ट्या दाखवल्या, स्क्रू दाखवले. पॅनल किती वाऱ्याला टिकतो त्याचा आकडाही सांगितला. आकडा अनुसयाबाईंच्या चेहऱ्यावरून ओघळून गेला.

"बाबू, आकडे मले नको सांगू," ती म्हणाली. "या घरानं एक तरी वादळ पाह्यलं काय?"

गजेंद्रला खोटं बोलता आलं असतं. पण मयुरी तिथंच उभी होती आणि तिला उत्तर ठाऊक होतं. घर दिवाळीनंतरचं, वादळं येतात ती वैशाख-जेठात, आणि यंदा अजून एकही आलं नव्हतं. नाही, असं त्यानं सांगून टाकलं. कुसुमबाईंनी कपाळाला हात लावला.

अनुसयाबाईंनी मग आतली खोली मागितली. घराचा अंदाज एकटं बसल्याशिवाय येत नाही, पाच मिनिटं कोणी यायचं नाही, असं सांगून तिनं दार लावून घेतलं.

पाच मिनिटं झाली. पंधरा झाली. बाहेर पन्हं संपलं, बोलणं संपलं, पावसाचा अंदाज संपला, संत्र्याचे भाव संपले. खुशालराव ओशाळून दाराकडे पाहत होते. नानाजींना वाटलं, बाई नकाराचे शब्द जुळवत असावी. गजेंद्र भिंतीला टेकून उभा होता आणि आपल्याच घराचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला होता.

पाऊण तासानं मयुरीनं दार हळूच लोटलं, आत पाहिलं आणि तोंडावर हात ठेवून मागे वळली. अनुसयाबाई दिवाणावर कुशीवर वळून, हाताची उशी करून, चक्क घोरत होती.

"आत्या झोपली," मयुरी म्हणाली. हे तिनं असं सांगितलं, जसं कोणी घरात पैसा सापडल्याचं सांगावं. गजेंद्रला यात एवढं काय ते कळेना. दुपारची वेळ, म्हातारं माणूस, प्रवास झालेला. पण खुशालराव उठून स्वतः पाहून आले आणि त्यांचेही डोळे विस्फारले.

तेवढ्यात खिडकीतला उजेड पिवळट झाला. हायवेकडून धुळीची भिंत उठून वावराकडे येत होती. मे महिन्यातलं ते वारं वर्धेच्या माणसाला सांगावं लागत नाही. तास-दीड तास आभाळ तापतं, आणि मग जे सुटतं ते समोर येईल ते घेऊन जातं. गजेंद्रनं खिडक्यांच्या कड्या तपासल्या. खुशालराव आतल्या खोलीकडे धावले.

"उठवू नका, बाबा," मयुरी आडवी आली.

"अवं, तिले मालूम नाई पडलं त ती मले सोडन काय?"

"मालूम पडूनच नाई राह्यलं तिले. तेच त पाह्यतो मी."

वारं घरावर येऊन आदळलं. खिडकीतून दिसत होतं, की समोरच्या कडुनिंबाचा शेंडा जमिनीला टेकतो की काय असा वाकून परत वर येतो आहे. पण आवाज यायला हवा तेवढा आतच येत नव्हता, दूरवरून मालगाडी जावी तेवढाच. गजेंद्रचं लक्ष आवाजाकडे नव्हतं. तो मनातल्या मनात छपराचा एकेक स्क्रू मोजत होता. पुढची बाजू त्याची स्वतःची. उजवी बाजू ओडिशाहून आणलेल्या माणसाची. मागचा डावा कोपरा नानाजींचा. त्या दिवशी नानाजींना मध्येच वांग्यांना पाणी द्यायला जायचं होतं. गजेंद्रनं बापाकडे पाहिलं. नानाजी त्याच कोपऱ्याकडे पाहत होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

नत्थूजींच्या गोठ्यावरच्या पत्र्यांतलं पहिलं टिन उडालं. ते गरगरत वावरावरून गेलं आणि वांग्यांत जाऊन रुतलं. मागून दुसरं, तिसरं. खुशालराव खाली बसले. गजेंद्रला म्हणाले, की पोरा, ऐक, तिचं असं काऊन ते तुला सांगतो.

ते पाच वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याच्या सुट्टीत बहिणीकडे, गिरडजवळच्या तिच्या सासरी गेले होते. घरावर टिनं होती. असंच वारं आलं, आणि छप्पर एका झटक्यात गेलं. वरून गारा. बहीण तेव्हा वीस वर्षांची. तिनं भावाला खाली घातलं, त्याच्यावर पालथी पडली आणि गारा थांबेपर्यंत हलली नाही. एक टिन परत येऊन तिच्या खांद्यात घुसलं होतं, ते भावाला संध्याकाळी रक्त पाहिल्यावर कळलं. त्या दिवसापासून वाऱ्याचा नुसता आवाज आला तरी अनुसयाबाई झोपेतून उठून बसते. सिंदीचं घर स्लॅबचं आहे, तरी बसते. पानं वाजली तरी बसते. उन्हाळ्यात तर दिवसा डोळा लावतच नाही.

"या घराले नाई म्हणायले आली होती ती," खुशालराव म्हणाले. "थर्माकोल ऐकलं न, तेव्हापासूनच."

वीस मिनिटांनी वारं जसं आलं तसं गेलं. नानाजी उठून मागच्या कोपऱ्यात गेले, छपराला हात लावून आले आणि खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. गजेंद्रचेही आले, त्यानं ते लपवले नाहीत. आतून घोरणं चालूच होतं.

अनुसयाबाईंना जागं केलं ते नत्थूजींनी. टिनं शोधत ते आरडाओरडा करत वावरात शिरले, तशी ती दचकून बाहेर आली. कोण मेलं, असं तिनं विचारलं. मग अंगणात पाऊल ठेवलं आणि थांबली. कडुनिंबाची मोडलेली फांदी, वांग्यांत रुतलेली टिनं, बोडका गोठा. ती एकेक करत सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. आपली गंमत चालली आहे असं तिला वाटलं असावं. खाली वाकून तिनं एक टिन हातानं हलवून पाहिलं.

"हे कवा झालं?"

"आत्ताच, आत्या," मयुरी म्हणाली.

"अन् मी?"

"तू झोपली होती."

अनुसयाबाई ओट्यावर बसली. नत्थूजी टिन तिथंच टाकून उभे राहिले. तिनं डोक्यावरचा दुपट्टा काढला, घडी केली, परत उघडली. मग मयुरीला जवळ ओढून तिचा हात मांडीवर घेतला.

"तुही झोप मी खाल्ली, बाई," ती म्हणाली. "लहानी होती त वारा सुटला की तुले झोपेतून उचलू, अन् खाटेखाली घेऊन बसू. तू रडे. परीक्षा राहो, ताप राहो, उचलूच. मले वाटे, तुले वाचवून राह्यलो."

मयुरीला रडू आवरेना. आत्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गजेंद्रकडे वळली. तो हात जोडल्यासारखा उभा होता, काय करावं ते न कळून.

"बाबू, पोरगी तुह्या घरी देतो," अनुसयाबाई म्हणाली. "इथं तिले झोपू देजो पोटभर."

कुसुमबाई साखर आणायला आत धावल्या. खुशालराव आणि नानाजी एकमेकांना भेटले. तिथल्या तिथं तारखेचा विषय निघाला, जेठातच की तुळशीच्या लग्नानंतर, सिंदीत की कारंज्यात, आणि दोघांचे आवाज लगेच चढले. अनुसयाबाईंनी दोन्ही व्याह्यांना हातानं गप्प केलं आणि ती ओट्यावरून उठली.

"तारीख तुमची तुम्ही काढा," ती म्हणाली. "मी आणखी थोडी पडतो."

आणि तिनं आत जाऊन दार लावून घेतलं.