दुसरा अंक कोणी पाह्यला?

त्या रविवारी नागपूरच्या प्रताप नगरातल्या मैनाबाईंच्या घरी पेपर आला तो भांडण घेऊनच आला.

मैनाबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण घरातलं पानही त्यांच्या हुकमाशिवाय हलत नव्हतं. मुलगा अंकुश गांधीबागेत कापडाच्या दुकानात. सून हर्षाला नाटकाचं वेड. सुनेनं तोंडाला रंग लावून लोकांपुढं उभं राहावं, हे मैनाबाईंना मुळीच पसंत नव्हतं. अंकुशनं हात जोडले, तेव्हा कुठं त्या म्हणाल्या होत्या, "करू दे एक नाटक. पण चार लोकांत नाव खराब झालं, तर त्याच दिवशी बंद!"

आणि आज नाव छापून आलं होतं. अंकुश वाचत होता आणि त्याचा आवाज खाली खाली जात होता. "हर्षा यांचा अभिनय लाकडी. नाटकात नवरा परतत नाही, तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. अशा नटीला मोठी भूमिका देणं ही चूकच." खाली नाव होतं भूपेश वैरागडे, नाट्यसमीक्षक.

"झालं समाधान?" मैनाबाई कडाडल्या. "साऱ्या नागपुरात माह्या सुनेले लाकूड म्हटलं! आज संध्याकाळी दुसरा खेळ आहे नं? नाही जायचं. बिलकुल नाही!"

कणीक मळता मळता हर्षाचे हात थांबले. "आई, एकदा पाहा तरी. मंग बोला."

"मले पाहाची काय गरज? पेपरात आलं, ते का खोटं असते?"

दुपारी नाटकाचे दिग्दर्शक रामाजी धावत आले. शाळेतून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ.

"मैनाबाई, हर्षा नसली तर पडदाच उघडत नाही."

"मंग त्या भूपेशले लुगडं नेसवून उभं करा!"

रामाजी हसले नाहीत. "त्यायनं दुसरा अंक पाह्यलाच नाही."

"काय म्हणता?"

"आपल्या इकडे रीतच पडून गेली. मध्यंतरात परीक्षण लिहिणाऱ्याले स्टेजवर बोलवायचं, शाल-नारळ द्यायचं, आत नेऊन चहा-समोसा द्यायचा. तो तिथूनच निघून जाते. अर्धं पाहून लिहिते."

"आन् तुम्ही मूग गिळून बसता?"

"पुढच्या नाटकाचं परीक्षणही त्याच्याच हाती असते नं. बोललो तर एक ओळ छापून येणार नाही, असं भेव वाटते."

"म्हणजे तुम्हीच त्याले शाल पांघरून घरी धाडला, आन् मार खाल्ला माह्या सुनेनं! शाब्बास गुरुजी!"

रामाजींची मान खाली गेली. पण क्षणभरानं त्यांनी ती वर उचलली. "खरं आहे. मी भेलो. पण मैनाबाई, त्यानं अर्धं पाहून निकाल देल्ला. तुम्ही तर काहीच न पाहता देऊन राहिल्या. मंग त्याच्यात आन् तुमच्यात फरक काय?"

मैनाबाईंना असं तोंडावर आजवर कोणी बोललं नव्हतं. अंकुश दोन पावलं मागं सरकला. आता काय होतं आणि काय नाही!

"फोन लावा त्याले," मैनाबाई म्हणाल्या. "साऱ्यायले ऐकू येईन असा लावा."

फोन लागला. "भाऊ, मी त्या लाकडाची सासू बोलून राहिली. दुसऱ्या अंकात माही सून काय करते, सांगा बरं."

पलीकडं भूपेशनं घसा खाकरला. "आई, मला दुसरा कार्यक्रम होता. आम्हाला अंदाज येतो एकंदर..."

"अंदाज भाजीत मिठाचा घ्या, बाईच्या नावाचा घेऊ नका! आज या अन् माह्या बाजूले बसा. तुम्ही पाह्यलं नाही, मीबी नाही. पुरं पाहूनबी लाकूडच वाटलं, तर माह्या सुनेचं नाटक आजपासून बंद!"

हर्षाचा चेहरा पांढराफटक पडला. इतक्या वर्षांची हौस आता त्या एका माणसाच्या तोंडावर येऊन ठेपली होती.

भूपेश आला. न येऊन जातो कुठं?

पडदा उघडला. हर्षा विणकराची बायको झाली होती. नवरा सुरतेला मागावर कामाला गेलेला, त्याची खबर नाही. म्हातारी सासू रोज विचारायची आणि ही कोरड्या आवाजात म्हणायची, "येईन नं." चेहऱ्यावर खरंच रेघ हलत नव्हती. मैनाबाई खुर्चीत पुढं सरकल्या. पोरगी खरंच लाकूड आहे की काय?

मध्यंतर झालं. सवयीनं कोणीतरी शाल घेऊन आलं, सवयीनं भूपेश उठला.

"बसा!" मैनाबाईंनी असं म्हटलं की मागची रांगही बसली.

दुसरा अंक सुरू झाला आणि उलगडलं, की नवरा मेल्याची खबर तिला पहिल्याच दिवशी आली होती! नाटकातल्या सासूचं धंतोलीच्या दवाखान्यात हृदयाचं ऑपरेशन झालेलं, तिला धक्का बसू नये म्हणून सून दुःख गिळून बसली होती. शेवटी सासूच म्हणते, "मले समजलं, पोरी. आता तरी रड." हर्षानं तोंड उघडलं. आवाज फुटेना. मग जो हंबरडा फुटला, त्यानं सारं सभागृह हललं! मैनाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

दिवे लागले. भूपेशला मान वर करवेना.

"बोला. लाकूड?"

"नाही, आई," तो हळूच म्हणाला. "ती लपवत होती, आणि मी तिथंच उठून गेलो. उद्या लिहितो. उठून गेलो होतो, हेसुद्धा लिहितो."

मैनाबाई तशाच रंगपटात गेल्या. हर्षा भिंतीला टेकून उभी होती. "आई, काय म्हणाले ते?"

"त्याचं तो लिहीन. माहं मी सांगते." मैनाबाईंच्या तोंडून जन्मात न निघालेले शब्द निघाले. "चुकलं माहं. न पाहता बोलली. पुढच्या नाटकाची तालीम असली का सैपाक मी पाहीन. तू घराची फिकर करू नको वं."

रामाजींनी भीत भीत विचारलं, "मंग सत्काराचं कसं करायचं?"

"नाटक संपल्यावर करा. ज्याले घ्यायचा असन, तो थांबन."

वाचकहो, परीक्षण काय फक्त पेपरातच लिहिलं जातं? नवी सून, शेजारची पोरगी, कामावरचा माणूस, यांच्यावर आपण रोज शेरे मारतो, आणि बहुतेक वेळा अर्ध्यातूनच उठून गेलेले असतो. ज्याचं पुरतं पाहायला सवड नाही, त्याच्याबद्दल मत द्यायचा हक्क नाही. तोंड उघडण्याआधी एकदा स्वतःलाच विचारा, दुसरा अंक पाह्यला का?