तिसऱ्या हाकेच्या आधी

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची सगळ्यांची रीत एकच. आधी डोक्यात टपली, मग तोंडावर फुंकर, आणि मग "हॅलो, हॅलो". जन्मभर हेच सोसत आलो. मी एक जुना माइक आहे. विद्यापीठाच्या प्रवेश विभागातल्या लोखंडी कपाटात, अगदी खालच्या खणात, स्वतःच्याच तारेची उशी करून पडलेला असतो. दुसऱ्याचा आवाज मोठा करायचा हा माझा धंदा. माझा स्वतःचा आवाज मात्र कारखान्यात बसवायचा राहून गेला. आज तेवढी हौस भागवून घेतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका कामगार बाईने माझ्या पोटात कागदाहून पातळ पडदा बसवला आणि वर जाळीची टोपी घातली. मी चालतो की नाही हे बघायला तिने मला तोंडाशी धरलं आणि शेजारणींना म्हणाली, "चला गं, सुट्टी झाली, जेवून घेऊ." माझ्या तोंडून जगात गेलेलं हे पहिलं वाक्य. पुढे मोठमोठ्या विद्वानांनी माझ्यासमोर तासन्‌तास भाषणं केली, पण इतकं कामाचं वाक्य क्वचितच ऐकलं.

सुरुवातीची वर्षं थाटाची गेली. विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात, व्यासपीठाच्या मधोमध माझी जागा होती. पदवीदानाच्या दिवशी मला पुसून लख्ख करत. शिपाई मला दोन्ही हातांनी उचलायचा. "आवाज कसा खणखणीत आहे बघा," असं लोक म्हणत, आणि मी मनात फुगून जायचो. मग शेपूट नसलेले, बिनतारी माइक आले. माझी तार लोकांच्या पायात येऊ लागली. एकदा कुणीतरी तिच्यात अडखळलं आणि मी व्यासपीठावरून खाली आपटलो. जाळीला खळी पडली, बटण सैल झालं. बटण नीट करून घ्यायला कुणाला वेळ झाला नाही. वर एक चिकटपट्टी लावली आणि माझी रवानगी झाली प्रवेश विभागात.

मला फार अपमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण इथे आल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. सभागृहात लोक मला ऐकताना जांभया देत. इथे जिवाचा कान करून ऐकत. कारण इथे माझ्यातून भाषण होत नसे, नंबर पुकारला जात असे. गुणवत्ता यादीतला नंबर पुकारायचा, तो मुलगा पुढे यायचा, उरलेल्या जागांतून एक निवडायचा आणि त्याच्या आयुष्याची गाडी त्या रुळाला लागायची.

नंबर पुकारायचे ते हेडक्लार्क. सारखं "हॅलो, हॅलो" करायची सवय, म्हणून सगळे त्यांना हॅलोकाका म्हणत. माणूस नियमाला पक्का. एका नंबराला तीन हाका. तिसऱ्या हाकेलाही कुणी आलं नाही तर पुढचा नंबर. मग प्रत्यक्ष कुलगुरूंचा फोन आला तरी ते मागे जात नसत. हॉल लहान होता, त्यात सगळी माणसं मावायची नाहीत. म्हणून बाहेर पटांगणात खांबावर एक भोंगा टांगला होता. मी इथे बोललो की क्षणभराने तोच नंबर बाहेरून घुमून परत यायचा.

आता मी तुम्हाला ज्या दिवसाची गोष्ट सांगतो, तो शेवटच्या फेरीचा दिवस होता. बाकीचे सगळे अभ्यासक्रम भरून गेले होते. पशुवैद्यकाच्या, म्हणजे गुराढोरांच्या डॉक्टरकीच्या, थोड्याच जागा उरल्या होत्या. सरकारी विद्यापीठ, त्यामुळे फी परवडेल अशी. हेच शिक्षण खासगी कॉलेजात घ्यायचं तर साध्या घरातल्या माणसाने आकडा ऐकूनच घरची वाट धरावी.

सकाळी हजेरी लावायला एक मुलगा टेबलापाशी आला. नंबर दोनशे बारा. म्हणाला, "साहेब, माझ्या आजोबांना पायऱ्या चढवत नाहीत. आम्ही बाहेर खांबापाशी बसलो तर चालेल का?"

"बसा की खुशाल," हॅलोकाका म्हणाले. "भोंगा कशाला टांगलाय? मी इथे शिंकलो तरी तुम्हाला तिकडे ऐकू येईल."

त्याच्या मागेच एक मायलेकींची जोडी उभी होती. आई शाळेचे गणवेश शिवणारी होती. ब्लाउजला टोचून ठेवलेली सुई काढायला घाईत विसरली होती. मुलीचा नंबर दोनशे तेरा. आई तिला चिंगी म्हणत होती, पण चिंगी आईपेक्षा वीतभर उंच होती. आईचा भोंग्याबिंग्यावर विश्वास नव्हता. ती लेकीला घेऊन थेट पहिल्या बाकावर, माझ्या समोर येऊन बसली.

थोड्या वेळाने आई उठली आणि हॅलोकाकांना म्हणाली, "साहेब, जरा मोबाईल चार्जिंगला लावू का? नंबर लागला की फी मोबाईलवरूनच भरायची म्हणतात, आणि याने तर मान टाकलीय."

"लावा, मागे भिंतीला आहे," काका यादीतून मान वर न काढता म्हणाले.

भिंतीला बोर्ड एक, त्याला जागा दोन आणि दोन्हीत प्लग घुसवलेले. एक टेबलावरच्या पंख्याचा, दुसरा कुठलासा काळा. आई क्षणभर विचारात पडली. पंख्यासमोर हेडक्लार्क बसलेले. ज्याच्या हातात लेकीचा नंबर, त्याचा वारा कोण बंद करणार? तिने काळा प्लग काढला आणि आपला चार्जर लावला.

तो काळा प्लग भोंग्याच्या यंत्राचा होता.

बसल्या बसल्या एक पाय बधिर व्हावा, तसं मला झालं. हॉलमधला माझा आवाज शाबूत होता, पण बाहेरची बाजू गेली. पुढचा नंबर पुकारला, तो बाहेरून घुमून आलाच नाही. हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या वेळचे नंबरवाले सगळे हॉलमध्येच होते. मला मात्र घाम फुटायची वेळ आली. हे सांगायचं कुणाला आणि कसं? मला फार तर शिट्टी मारता येते. मी सगळा जीव एकवटून एक कर्णकर्कश शिट्टी मारली. हॅलोकाकांनी मला दोन टपल्या दिल्या आणि म्हणाले, "म्हातारा झालाय."

नंबर पुढे सरकत राहिले. जागा कमी होत गेल्या. दोनशे अकरा नंबरची मुलगी सही करून गेली, तेव्हा पशुवैद्यकाची एकच जागा शिल्लक राहिली.

"दोनशे बारा," हॅलोकाकांनी पहिली हाक दिली.

कुणी उठलं नाही. सगळ्या माना दाराकडे वळल्या. दार रिकामं. पहिल्या बाकावर आईने लेकीचा हात घट्ट धरला. "चिंगे, आला नाही बघ. कंटाळून गेला असेल. आता आपलाच नंबर."

चिंगी दाराकडे बघत होती. मग ती काहीतरी ऐकायला थांबल्यासारखी थांबली, आणि तिची नजर हळूहळू भिंतीकडे गेली. तिथे पांढऱ्या चार्जरखाली काळा प्लग लोंबत होता.

"आई, भोंगा बंद आहे," ती कुजबुजली. "तू काढलास तो प्लग भोंग्याचा होता."

आईने मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला. "मी मुद्दाम नाही काढला."

"मला माहीत आहे गं. पण तो मुलगा आजोबांना घेऊन बाहेर बसलाय. साहेबांनीच सांगितलं त्याला, ऐकू येईल म्हणून."

"गप्प बस," आई दातांवर दात ठेवून म्हणाली. "आता बोललीस तर कुणाला खरं वाटेल? लोक म्हणतील, स्वतःच्या पोरीसाठी मुद्दाम काढला. जागाही जाईल आणि अब्रूही. आपण कुणाचं काही ओढून घेतलेलं नाही."

"आई..."

"वर्षभर क्लास लावला, त्यासाठी किती गणवेश शिवले ठाऊक आहे ना? पुन्हा एक वर्ष मी कुठून आणू?"

मित्रांनो, त्या बाईला वाईट म्हणू नका. मी तिच्या अगदी जवळ होतो. तिचा श्वास मला ऐकू येत होता, आणि तो लबाड माणसाचा नव्हता. तोंडाशी आलेला घास आहे आणि खावा तर घशात अडकतो, असा तो श्वास होता. आणि चिंगी खाली मान घालून आपली नखं बघत बसली होती. मी जर माणूस असतो तर तिला काय सांगितलं असतं, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

"दोनशे बारा," दुसरी हाक झाली. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली तेवढीच.

हॅलोकाकांनी पाण्याचा घोट घेतला. चष्मा पुसला. मला जवळ ओढलं. "तिसरी आणि शेवटची," ते म्हणाले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. त्यांचे ओठ उघडताना मी पाहिले.

"साहेब, थांबा."

चिंगी उभी होती. आईने तिची ओढणी धरली होती, ती हातातून सुटली. चिंगी टेबलापाशी आली तेव्हा तिच्या तोंडून आवाज फुटेना. हॅलोकाकांनी, काय वाटलं कोण जाणे, मला तिच्यापुढे केलं.

"बाहेरचा भोंगा बंद आहे," ती म्हणाली. "बाहेर काही ऐकू जात नाहीये. प्लग आमच्याकडून निघाला. चार्जर लावताना."

हॉलमध्ये एकदम गलका उठला. मागून एक गृहस्थ ओरडले, "निघाला की काढला? नंबर कितवा गं तुझा?"

"दोनशे तेरा," चिंगी म्हणाली.

ते गृहस्थ खाली बसले.

हॅलोकाका स्वतः उठले. भिंतीपाशी गेले आणि त्यांनी आपल्या पंख्याचा प्लग उपटून तिथे काळा लावला. आई धडपडत आपला चार्जर काढायला गेली, तर म्हणाले, "राहू दे बाई. होऊ दे चार्ज." आणि परत येऊन त्यांनी हाक दिली. माझा बधिर पाय एकदम जागा झाला. पटांगण दणाणलं. "दोनशे बारा."

पळत येणारी पावलं ऐकू आली. मुलगा धापा टाकत आत शिरला. त्याच्या मागून पायऱ्यांवर काठीचा आवाज येत राहिला, ज्यांना पायऱ्या चढवत नव्हत्या त्या आजोबांच्या काठीचा. मुलाला काहीच ठाऊक नव्हतं. "मध्ये काम थांबलं होतं का, साहेब? आम्ही केव्हाचे कान लावून बसलोय," तो म्हणाला. हॅलोकाकांनी नुसतं बोटाने सहीची जागा दाखवली. मुलाने सही केली. आजोबांनी दारातूनच सगळ्या हॉलला हात जोडले. चिंगीनेही त्यांना हात जोडले.

"पशुवैद्यकाच्या जागा संपल्या," हॅलोकाका हळू आवाजात म्हणाले, आणि चष्मा काढून उगाच पुन्हा पुसत बसले.

हॉल रिकामा व्हायला लागला. हॅलोकाका कागद बांधून आत गेले. जाताना त्यांनी माझं बटण बंद केलं, पण सैल बटण ते, मी चालूच राहिलो. आई माझ्या शेजारीच उभी राहून चार्जरची वायर बोटांभोवती गुंडाळत होती. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच होती.

"मी तुला गप्प बस म्हणाले, ते घरी सांगू नकोस हं," ती म्हणाली.

"नाही सांगणार."

"पण तू बोललीस, ते मी सांगणार आहे. सगळ्यांना सांगणार आहे."

मग ती लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मायलेकींना वाटलं, तिथे कुणी नाही. बाहेर पटांगणात भोंगा चालू होता. घरी निघालेली माणसं जागच्या जागी उभी राहिली होती. त्यांत तो मुलगा आणि त्याचे आजोबाही होते. दोघी बाहेर आल्या. गर्दीने बाजूला होऊन त्यांना वाट करून दिली.

पुढच्या वर्षी मला कपाटातून काढलंच नाही. आता नंबर म्हणे ज्याच्या त्याच्या मोबाईलवर येतात. चिंगी पुन्हा परीक्षेला बसली का, तिला जागा मिळाली का, मला माहीत नाही. कपाटाचं दार उघडलं की मी तिचा आवाज येतो का ते ऐकतो. बहुतेक वेळा कुणीतरी टाचण्यांचा डबा शोधत असतं.

मित्रांनो, माझं बटण दुरुस्त करा, मला पुन्हा व्यासपीठावर न्या, असं मी म्हणणार नाही. माझे दिवस सरले. मागायचं ते एवढंच. कुठलाही प्लग काढण्याआधी तो कशाचा आहे, ते बघा. आणि उद्या मोठे होऊन तुम्ही टेबलामागच्या खुर्चीवर बसाल, तेव्हा कुणाला "बाहेर बसा, ऐकू येईल" असं सांगितलंत, तर एकदा उठून बाहेर जा आणि त्याच्या शेजारी उभं राहून ऐका. दर वेळी चिंगी पहिल्या बाकावर बसलेली नसते.