न उचलायचा फोन

मित्रांनो, माझ्या पाचाच्या बटणावरचा आकडा केव्हाच पुसला गेला आहे. बाकीची बटणं अजून नव्यासारखी आहेत. त्यावरूनच ओळखा, मी एक जुना, साधा मोबाइल आहे आणि माझ्या धन्याला साऱ्या जगात एकाच माणसाला फोन करायचा असतो.

कारखान्यात एका मुलीने माझं एकेक बटण दाबून पाहिलं आणि मला खोक्यात निजवलं. पुढे दुकानात मोठ्या पडद्याचे फोन मला पाहून नाक मुरडत. तिथून मला उचललं एका पायी फिरणाऱ्या माणसाने. त्याला सगळे भटक्या म्हणत. मिळेल ते काम करायचं, थोडं रमायचं, की निघाला पुढे! ओझ्याचा त्याला भारी तिटकारा. दर मुक्कामी पिशवीतून काहीतरी कमी करी. एकदा तर माझा चार्जरच थोरल्या बहिणीच्या, ताईच्या कपाटात ठेवून आला. "मागितला की कुठेही मिळतो," म्हणाला. माझ्यातली नावंही त्याने पुसून टाकली. उरली एकटी ताई. पाचाचं बटण दाबून धरलं, की तिला फोन लागे.

माणसं एकमेकांना हाक कशी मारतात, हे पाहण्याचा त्याला नाद होता. कुठे गच्चीवरून नाव घेऊन ओरडतात, कुठे शीळ घालतात, कुठे नुसती खिडकी वाजवतात. चालता चालता तो मला हे सगळं सांगे. स्वतःची हाक मात्र त्याने अगदी आखूड केली होती. दिवस मावळला, की ताईला रिंग द्यायची. ताई शिवणकाम करी. पायाखालचं मशीन न थांबवता ती फोन कापी. रिंग म्हणजे 'मी बरा आहे', कापला म्हणजे 'समजलं'. उचलायचा नाही, हा त्याचा नियम. मला त्याचा राग येई. बोलायला जन्माला आलो आणि नुसती खाकरायची नोकरी लागली!

एका दुपारी तो पाणी प्यायला जुन्या दगडी पुलाखाली उतरला. नवा रस्ता झाल्यापासून त्या पुलावरून कोणी जात नसे. एक मोठा दगड घसरला आणि त्याचा पाय खाली अडकला. मी खडकावर आपटलो. माझा पडदा काळा झाला. तो ओरडला, पुन्हा ओरडला. घसा बसेपर्यंत ओरडला. वरून कोणी ओ दिली नाही.

मग त्याने चाचपडत मला जवळ ओढलं. पडद्यावर काही दिसत नव्हतं. माझ्यात किती जीव उरला होता, ते फक्त मला ठाऊक होतं. बोटांना आंधळेपणी सापडेल असं एकच बटण होतं. त्याने पाच दाबून धरला.

रिंग गेली. ताईने फोन कापला.

"अगं, उचल ना!" तो रडकुंडीला आला. पुन्हा पाच. पुन्हा कापला. तिचं काय चुकलं? तिला हेच शिकवलं होतं. त्याने डोळे मिटले. माझा धीर सुटत चालला होता.

आणि मी वाजलो! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिकडून फोन आला होता. "भटक्या, अजून ऊन आहे, आत्ताच कसा रे फोन? आणि दोनदा? काय झालंय?"

"ताई, जुना दगडी पूल... धरणाच्या अलीकडचा... खाली..."

तेवढ्यात मी विझलो.

तिने ऐकलं का? तो अंधार किती वेळ होता, मला माहीत नाही. पुन्हा शुद्धीवर आलो तेव्हा माझाच चार्जर मला लावलेला होता. शेजारी शिलाई मशीन होतं. पण माणसाचा आवाज येईना.

"दोनदा कापलास फोन!" कोणीतरी घोगऱ्या आवाजात कुरकुरलं.

"तूच सांगितलं होतंस ना, उचलू नकोस म्हणून? आता गप पड, प्लास्टर हलवू नकोस." ताई ओरडली आणि तिथेच रडायला लागली.

आता माझा पडदा नवा आहे. भटक्या जरा लंगडत का होईना, पुन्हा फिरतो. चार्जर पिशवीत असतो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. मी आज ना उद्या बंद पडेनच. पण रोज तुम्हाला हाक मारणारं कोणी असेल, तर त्याला ओ द्या. दिवस मावळला, की भटक्या पाच दाबतो. तिकडे खडखडणारं मशीन थांबतं आणि ताई विचारते, "बोल, कुठे आहेस?"