एका कडीची जागा

मी लोखंडी कड्यांची बंडी बोलतेय. शिकलेली माणसं मला चिलखत म्हणतात. मला घडवणारी बोगना मावशी मात्र बंडीच म्हणते, आणि तेच मला आवडतं. जुन्या राजाबिजाची नव्हे हं मी. मी पाहिलेल्या लढाया सगळ्या लुटुपुटूच्या.

पोलंडातल्या आमच्या पडक्या किल्ल्याखाली दर जुलैत माणसं जमतात. एरवी कुणी बस चालवतं, कुणी लोकांचे दात उपटतं. पण तेवढे दिवस सगळे सहाशे वर्षं मागे जाऊन राहतात. राहुट्या ठोकतात, मोठ्या हंड्यात आंबट कोबी नि मांस रटरटत ठेवतात, ढाली आपटत एकमेकांच्या अंगावर धावून जातात. आणि संध्याकाळी, ज्याला लोळवलं त्याच्याच शेजारी बसून जेवतात.

वितोल्द पथकात नवा आला तेव्हा मला विणायला घेतलं. आमची रीत अशी, की नव्या माणसाच्या बंडीत प्रत्येकानं आपल्या हातानं एक कडी अडकवायची. शेवटची, काखेजवळची, ज्याची त्यानं. ती लावताना वितोल्दचं बोट पकडीत चिमटलं.

"रक्त लागलं ना, मग पक्की झाली," मावशी हसली. "आता ही काही तुला सोडत नाही बाबा."

आणखी एक रीत. लढाईआधी रांगेत नावं पुकारतात. आला नसेल त्याच्यासाठी शेजारच्यानं ढालीवर थाप मारून ओरडायचं, "वाटेवर आहे!" पण त्याच्या जागी दुसरं कुणी उभं राहिलं, की नाव पुकारायचं थांबवतात.

मग वितोल्द आइसलंडला गेला, मासळीच्या कारखान्यात. विमानतळावर पेटी उघडून तपासणीवाली बाई म्हणाली, "अहो, हे काय?"

"सदरा आहे."

"वजनदार दिसतो."

"धुतल्यावर हलका होईल," म्हणाला गुलाम.

पण तिथे बांगड्याचा हंगाम नेमका जुलैत. सुट्टी मिळेना. पुढच्या वर्षी जाऊ म्हणाला, आणि पुढच्या वर्षीही तेच म्हणाला. मी पलंगाखाली. अंगावर असले की माझ्या कड्या एकमेकींना घासून लख्ख राहतात. पडून राहिले, की गंज चढतो. तिकडच्या खाऱ्या हवेत तर फारच.

एका रविवारी त्यानं मला बाहेर काढलं. हात तांबडे झाले. आमच्यात अशा बंड्या वाळूत घोळून साफ करतात, पिंपात घालून. याच्याकडे पिंप कुठलं? यानं किनाऱ्यावरची काळी वाळू आणली आणि मला वाळूसकट घरमालकिणीच्या कपडे धुण्याच्या यंत्रात टाकलं! काय तो खडखडाट! मालकीण धावत आली.

"अरे, आत घोडा घातलास का?"

"घोडा नाही बाई, घोड्यावरचा माणूस."

यंत्र बसलं कायमचं. मी मात्र निम्मी चकाकले. वितोल्दनं मला अंगात घातलं आणि तसाच खिडकीशी उभा राहिला. बाहेर धक्क्यावर बोटी लागत होत्या.

यंदा मावशीचा फोन आला. "वितेक, येतोस ना?" लाडानं ती त्याला वितेक म्हणते.

"हंगाम आहे मावशी."

"मासे मेलेलेच असतात ना रे? थांबतील की."

तो हसला. मग हसेनासा झाला.

"मग ऐक," मावशी हळूच म्हणाली. "तुझ्या जागेवर भगदाड राहतं. गेल्या खेपेला शेजारच्यानं तिथूनच मार खाल्ला, बरगडी गेली त्याची. हाना म्हणून नवी मुलगी आलीय. तिला तिथे उभी करते. बंडी पाठव, इतक्यात नवी विणून होत नाही."

"म्हणजे माझं नाव…"

"रीत तुला माहीत आहे, बाळा."

गावी लग्नाला निघालेल्या सोबत्याच्या पिशवीत मला घालायच्या आधी वितोल्दनं पक्कड घेतली. मला वाटलं, आता हा मला मोडतोय. त्यानं काखेजवळची ती एकच कडी सोडवली, दोऱ्यात ओवली आणि गळ्यात घातली.

मी आले. तोच आंबट वास, तेच घोड्यांचं फुरफुरणं. आणि मी वेडी, कोपऱ्याकोपऱ्यात त्यालाच शोधतेय.

हाना मला चढवता चढवता थांबली. "मावशी, इथे भोक आहे. बुजवून द्या ना."

मावशीनं भोकात बोट घातलं. बराच वेळ काढलं नाही. "नाही बुजवायचं. त्याची कडी तो घेऊन बसलाय. बंडी पुरी होत नाही, तोवर ती त्याचीच. तू नुसती राखणीला."

रांग लागली. नावं पुकारत मावशी आमच्यापाशी आली, आणि रीत मोडून मोठ्यानं म्हणाली, "वितोल्द!"

मग माझ्या बाहीतल्या हातानं ढालीवर थाप मारली.

"वाटेवर आहे!" हाना ओरडली. कधी न पाहिलेल्या माणसासाठी.

आता मी लख्ख आहे. हाना खूप धावते, गंज चढू देत नाही. फक्त वारा सुटला की काखेजवळून आत शिरतो. वितोल्द, बांगडे कधीतरी संपतील रे. पक्कड इथे आहे. तू कडी तेवढी घेऊन ये.